अंगावर कोण काढते?

ऑक्टोबर उजाडला की गुलाबी फिती बाहेर निघतात. कॉलेजच्या मुलींची फेरी, सभागृहात एखाद्या तज्ज्ञाचे व्याख्यान, टाळ्या, सामूहिक फोटो. व्याख्यानाचा गाभा वर्षानुवर्षे तोच. आपल्याकडच्या बायका लाजतात, दुखणे अंगावर काढतात, घरच्यांसाठी दिवसभर राबतात पण स्वतःसाठी तासभर काढत नाहीत, म्हणून स्तनांचा कर्करोग उशिरा सापडतो. तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने वर्षातून एकदा मॅमोग्राफी करून घ्यावी. ऐकायला सगळे रास्त वाटते, आणि बोलणाऱ्याचा हेतूही बहुधा चांगलाच असतो.

त्याच दिवसांत गोंदिया जिल्ह्यातली ती ‘दुर्लक्ष करणारी’ बाई कुठे असते? बांधीत. हलके धान कापणीला आलेले असते, भारी धान दिवाळीच्या मागेपुढे येणार असते. कापायचे, भारे बांधायचे, पुंजणे घालायचे, आणि परतीच्या पावसाने ते भिजू नये म्हणून आभाळाकडे बघत राहायचे. त्याआधीचे जुलै-ऑगस्ट रोवणीत गेलेले असतात, पऱ्हे उपटून चिखलात दिवसभर वाकून. उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. या सगळ्यात ऑक्टोबर हा तपासणीचा महिना म्हणून निवडला कोणी? १९८५ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटी आणि इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीचा औषध विभाग, या दोघांनी मिळून. स्तनांच्या कर्करोगावरचे टॅमॉक्सिफेन हे औषधही याच कंपनीचे. त्यांच्या सोयीच्या महिन्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्यासमोर आमगाव-सालेकशाचा धानाचा हंगाम नव्हता. आपल्यासमोर आहे, तरी आपण तोच महिना धरून बसलो आहोत, आणि बाई आली नाही की दोष बाईला.

या लेखाचा वाद व्याख्यात्यांशी व्यक्तिशः नाही. वाद त्या दोन ‘म्हणून’शी आहे. बाई लाजते म्हणून रोग उशिरा सापडतो हा पहिला, आणि म्हणून दरवर्षी यंत्राखाली जावे हा दुसरा. दोन्ही कच्चे आहेत.

लाजेपासून सुरुवात करू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत, म्हणजे २००५-०६ मध्ये, देशातली ३८.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती. त्याही वेळी कारण हेच सांगितले जायचे: आमच्या बायका लाजतात, परक्यापुढे अंग उघडे करायला तयार होत नाहीत, त्यांना घरची सुईणच हवी असते. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, तोच आकडा ८८.६ टक्के झाला. पंधरा वर्षांत देशातल्या बायकांची लाज वितळली काय? तसे काही झाले नाही. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, गावातलीच एक बाई ‘आशा’ म्हणून नेमली गेली, न्यायला गाडी येऊ लागली, प्रसूतीनंतर हातात पैसे पडू लागले, आणि दिवस भरले की कुठे जायचे हे ठरलेले असू लागले. बाळंतपणाएवढे अंग उघडे करण्याचे दुसरे काम बाईच्या आयुष्यात नाही. ते करायला ती गेली. गोंदियातले बाई गंगाबाई महिला रुग्णालय ज्याने एकदा पाहिले आहे, त्याला लाजेचा सिद्धांत पटवून देणे अवघड जाईल.

आता त्याच पाचव्या फेरीतला दुसरा आकडा. ३० ते ४९ वयाच्या ज्या बायकांची आयुष्यात एकदा तरी स्तनांची तपासणी झाली आहे, त्यांचे देशातले प्रमाण ०.९ टक्के. शंभरात एकही नाही. देश तोच, सर्वेक्षण तेच. दवाखान्यात जाऊन बाळंत होणाऱ्या ८८.६ आणि छाती दाखवणाऱ्या ०.९. हे अंतर लाजेने भरून निघणारे नाही. बाळंतपणासाठी तिला बोलावणारी, नेणारी, आणून सोडणारी यंत्रणा उभी राहिली. छातीसाठी राहिली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या आकड्यात एक आणखी गोम आहे, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. हे सर्वेक्षण ज्या बायकांची सविस्तर मुलाखत घेते त्या १५ ते ४९ वयाच्या. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला तपासणीचा हा प्रश्न विचारलाच जात नाही. सरकारी दप्तराला बाई माहीत आहे ती मूल होण्याच्या वयातली: गरोदर म्हणून, स्तनदा म्हणून, नसबंदीची लाभार्थी म्हणून. ते काम संपले की ती रजिस्टरमधून उतरते. आणि स्तनांची तपासणी करून ज्यांचे प्राण वाचण्याची सर्वांत जास्त शक्यता दिसली आहे, त्या बायका नेमक्या याच, रजिस्टरमधून उतरलेल्या.

हे कुठे दिसले? लंडन-न्यूयॉर्कला नाही, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत. १९९८ साली, गोंदिया अजून भंडारा जिल्ह्यातच होता तेव्हा, टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईत एक चाचणी सुरू केली. डॉ. इंद्रनील मित्रा तिचे प्रमुख. वस्त्यांचे वीस गट पाडले, आणि त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ बायका चाचणीत घेतल्या. दहा गटांत दर दोन वर्षांनी एक प्रशिक्षित आरोग्यसेविका यायची आणि हाताने स्तनांची तपासणी करायची. यंत्र नाही, क्ष-किरण नाही, डॉक्टरही नाही. अशा चार फेऱ्या झाल्या. उरलेल्या दहा गटांत फक्त एकदा माहिती सांगितली, पुढे नुसती नोंद ठेवली. वीस वर्षांचा हिशेब २०२१ च्या फेब्रुवारीत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला.

निकाल असा. तपासणी झालेल्या वस्त्यांत रोग सापडला तेव्हा तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात गेलेल्या बायका ३७ टक्के होत्या, न झालेल्या वस्त्यांत ४७ टक्के. स्तनांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू एकूण १५ टक्क्यांनी कमी, पण हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान. पन्नाशीच्या पुढच्या बायका वेगळ्या काढून पाहिल्या तेव्हा मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी दिसले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यूंचा म्हणण्यासारखा फरक पडला नाही. वयाप्रमाणे केलेली ही फोड नंतरची आहे, चाचणी मुळात त्यासाठी आखलेली नव्हती, हे संशोधकांनीच स्पष्ट लिहिले आहे आणि इथेही लपवायचे कारण नाही.

झोपडपट्टीतल्या त्या बायका लाजल्या नाहीत काय? दर फेरीत साधारण दोन-तृतीयांश बायका तपासणीला पुढे आल्या. पाण्याच्या नळाला रांग लावणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, ‘स्वतःसाठी वेळ न काढणाऱ्या’. फरक एवढाच होता की तपासणी त्यांच्या वस्तीत आली, तपासणारी बाई होती, आणि गाठ लागली तर पुढे टाटाचे दार उघडे होते. याच चाचणीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीही तपासणी झाली, साध्या व्हिनेगरच्या जातीचे पातळ आम्ल लावून. किमान दहावी शिकलेल्या, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या सेविकांनी ती केली आणि त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी खाली आले. दुसऱ्या गटातल्या बायकांना इतकी वर्षे तपासणीशिवाय ठेवणे योग्य होते का, हा प्रश्न अमेरिकेतले डॉ. एरिक सुबा यांनी पुढे जाहीरपणे उपस्थित केला. प्रश्न खराच आहे. पण मग ज्या निकालासाठी त्या बायकांना ताटकळत ठेवले, तो निकाल हाती आल्यावर बासनात बांधून ठेवणाऱ्यांना काय म्हणायचे?

आता यंत्राकडे वळू.

मॅमोग्राफी म्हणजे काय, हे व्याख्यानात क्वचितच सांगतात. बाई कमरेपर्यंतचे कपडे काढून यंत्रासमोर उभी राहते. एक स्तन थंड पाटीवर ठेवला जातो, वरून प्लॅस्टिकची पारदर्शक पाटी येते आणि तो चांगला चपटा होईपर्यंत दाबते. श्वास रोखायला सांगतात. काही सेकंद. मग तिरक्या बाजूने पुन्हा, काखेचा भाग आत ओढून. मग दुसरी बाजू. चार चित्रे. काहींना दुखते, काहींना नुसते अवघडल्यासारखे होते. ज्यांनी केले आहे त्या सांगतील, हा काही सोसवणार नाही असा त्रास नव्हे. हरकत त्रासाची नाहीच. हरकत आहे ती यंत्र कोणाला काय दाखवते याची.

तरुण स्तनांत ग्रंथींचे दाट ऊतक असते आणि क्ष-किरणाच्या चित्रात ते पांढरे दिसते. गाठही पांढरीच दिसते. म्हणजे धुक्यात बगळा शोधायचा. वय वाढते, ग्रंथींच्या जागी चरबी येते, तेव्हा चित्र स्वच्छ होते. म्हणूनच ब्रिटनमध्ये १९८८ पासून चालू असलेल्या सरकारी कार्यक्रमात पन्नाशीपासून सत्तरीपर्यंतच्या बायकांना बोलावतात, तेही तीन वर्षांतून एकदा. अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये वय चाळीसवर आणले, पण दोन वर्षांतून एकदा. आपल्याकडच्या पत्रकावर मात्र ‘चाळिशीनंतर दरवर्षी’ छापलेले असते, आणि खाली बहुधा एखाद्या पॅकेजचा दर.

गोंदियात याला राईस मिलचा दाखला चालेल. चाळणी बारीक केली की खडा सुटत नाही, पण त्याच्याबरोबर चांगला तांदूळही बाजूला पडतो. अमेरिकेत दहा वर्षे दरवर्षी मॅमोग्राफी करणाऱ्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त बायकांना एकदा तरी ‘काहीतरी दिसते आहे, पुन्हा या’ असे बोलावणे येते, आणि बहुतेकींना काहीच निघत नाही. तिथे ते एका आठवड्याच्या धास्तीवर भागते. देवरी तालुक्यातल्या बाईला ‘पुन्हा या’ म्हणजे काय? मजुरीचे दोन दिवस, बसचे भाडे, सोबतीला कोणीतरी, आणि घरी गावभर झालेली चर्चा.

शिवाय काही कर्करोग इतके मंद असतात की सापडले नसते तर त्या बाईला आयुष्यभर त्यांचा पत्ताही लागला नसता. यंत्र तेही शोधते, आणि एकदा सापडल्यावर ते काढावेच लागतात, कारण मंद कोणता आणि चपळ कोणता हे आधी ओळखता येत नाही. ब्रिटनने यावर सर मायकल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. तिचा २०१२ मधला हिशेब असा की वीस वर्षे बोलावलेल्या १० हजार बायकांमागे ४३ मृत्यू टळतात आणि १२९ बायकांवर विनाकारण कर्करोगाचे उपचार होतात. समितीने कार्यक्रम बंद करा म्हटले नाही. बायकांना दोन्ही आकडे सांगा म्हटले. आपल्या पत्रकांवर दुसरा आकडा कोणी पाहिला आहे?

‘लवकर सापडला तर वाचतो’ हे वाक्यही जरा उलगडून पाहायला हवे. भारतातल्या कर्करोग नोंदणी केंद्रांच्या आकडेवारीत रोग स्तनापुरता असताना सापडलेल्या बायकांपैकी ८१ टक्के पाच वर्षांनी जिवंत असतात, शरीरभर पसरल्यावर सापडलेल्यांपैकी १८.३ टक्के. या आकड्यांतून तपासणीचा फायदा सरळ सिद्ध होतो असे पुष्कळांना वाटते. होत नाही. गोंदियाहून सुटणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसमध्ये एक प्रवासी गोंदियाला बसला, दुसरा नागपूरला. पहिल्याचा प्रवास दोनेक तासांनी लांबला, पण मुंबईला दोघे एकाच मिनिटाला उतरले. रोग आधी कळला म्हणून ‘रोग कळल्यानंतरची वर्षे’ वाढतात. मरण पुढे ढकलले गेले की नाही, हे त्यावरून कळत नाही. ते कळायला मुंबईसारखी, दोन्ही बाजूंचे मृत्यू वीस वर्षे मोजणारी चाचणी लागते. मुंबईच्या त्या ३० टक्क्यांचे मोल म्हणूनच जास्त. तिथे गाडीत बसण्याची वेळ मोजलेली नाही, मृत्यू मोजले आहेत.

‘मग स्वतःच आरशासमोर तपासा’ हाही सल्ला असतो, फुकटातला म्हणून लाडका. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजारांहून जास्त कामगार बायकांवर तो पडताळून झाला आहे. अर्ध्या बायकांना व्यवस्थित शिकवले, पुन:पुन्हा आठवण दिली. २००२ मध्ये निकाल आला: शिकवलेल्या गटात स्तनांच्या कर्करोगाने १३५ मृत्यू, न शिकवलेल्या गटात १३१. वाढल्या त्या फक्त साध्या, निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी. आपल्या अंगाची ओळख असावी, बदल जाणवला तर बोलावे, हे खरेच. पण सरकारने करायचे काम आरशावर सोपवणे ही चलाखी झाली.

इथवर आल्यावर दुसऱ्या बाजूचे शहाणे उठतील. यंत्राने अनाठायी उपचार होतात, हाताच्या तपासणीचे १५ टक्के पक्के नाहीत, मग कशाला हवी ही सगळी उठाठेव? गाठ लागली की बाई येईलच. शहरातल्या सुखवस्तू वाचकाला हा युक्तिवाद आवडतो, कारण त्याच्या घरात गाठ लागली तर संध्याकाळी सोनोग्राफी आणि आठवड्याभरात बायोप्सीचा अहवाल असतो. केशोरी किंवा चिचगड भागातल्या बाईची वाट वेगळी आहे. गाठ दुखत नाही. दुखत नाही ते दुखणे नव्हे, हा तिचा अनुभव. महिन्यांनी ती कोणाला तरी सांगते. लेप, मलम, अंगारा, जवळच्या डॉक्टरचे ‘दूध साठले असेल’. मग ग्रामीण रुग्णालय, मग गोंदिया, मग केस पेपरवर ‘रेफर’. सुई लावली की रोग पसरतो हा समज वाटेत कोणीतरी कानात घालतोच. त्याला आधार नाही, पण तो खोडून काढणारे तिथे कोणी नसते. मोठ्या उपचारांसाठी शेवटी नागपूर, रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. पैशाची सोय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत होऊ शकते, पण त्याला आधी अहवाल हातात लागतो. मधल्या प्रत्येक पायरीवर काही बायका गळतात, आणि त्यांची गळती कोणी मोजत नाही. गाठ लागली की बाई येईलच म्हणणाऱ्यांनी ही वाट एकदा चालून पाहावी. मुंबईत उशिरा सापडणाऱ्या ४७ टक्क्यांचे ३७ झाले ते अशाच वाटेवर.

जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका या भांडणात बरीच सरळ आहे. जिथे आरोग्यव्यवस्था अशक्त आहे तिथे मॅमोग्राफीच्या सरसकट कार्यक्रमाच्या मागे लागू नका, आधी लक्षणे असलेल्या बाईचे निदान लवकर होईल असे बघा. हाताची तपासणी आशादायक दिसते. २०२३ मध्ये संघटनेने लवकर निदानाला आणि उपचारांना मोजमाप दिले. साठ टक्क्यांहून जास्त रोगी पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडावेत, बाई पहिल्यांदा दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे, आणि किमान ८० टक्के बायकांचे उपचार शेवटपर्यंत पार पडावेत.

आपल्या कागदावरही व्यवस्था नाही असे नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्ये मार्गदर्शक चौकट काढली: ३० ते ६५ वयाच्या प्रत्येकाची तोंडाच्या, आणि बायकांची स्तनांच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी. आशाने घरी जाऊन फॉर्म भरायचा. त्यात प्रश्न आहेत: स्तनात गाठ, स्तनाग्रातून रक्ताळलेला स्राव, आकारात बदल. हो किंवा नाही. हा प्रश्न अंगणात विचारायचा, सासू बाजेवर बसलेली, दीर सायकल पुसतो आहे. ‘स्तन’ हा शब्द या जिल्ह्यात कोणी बोलतही नाही. बायका छाती म्हणतात, आणि घराघरांत पोवारी, गोंडी, छत्तीसगढी, झाडीबोली असे काही ना काही वेगळेच चालते. ‘नाही’वर खूण होते आणि फॉर्म पुढे सरकतो. आशाला यात दोष देता येत नाही. तिला खूण करायला सांगितले आहे, हात लावायला नाही.

हात लावायचे ते उपकेंद्रात, म्हणजे आता आयुष्मान आरोग्य मंदिरात. आणि चौकट म्हणते पाच वर्षांतून एकदा. मुंबईत चाचणी झाली ती दोन वर्षांच्या अंतराची. दोनच्या निकालावर पाचचा कार्यक्रम उभारणे म्हणजे दोन पाण्यांवर येणारे पीक एका पाण्यावर काढण्याची आशा. शिवाय मुंबईत निकाल दिसला पन्नाशीच्या पुढे, आणि आपली फेरी निघते ती कॉलेजच्या मुलींची.

ही हाताची तपासणी वाटते तितकी किरकोळ नाही. आधी बाईला बसवून बघायचे: दोन्ही बाजू सारख्या आहेत का, कातडी कुठे ओढली गेली आहे का, संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली आहे का, बोंड आत गेले आहे का. हात वर करायला लावून पुन्हा बघायचे, कारण ओढलेली कातडी तेव्हा चटकन दिसते. मग आडवे झोपवायचे, त्या बाजूचा हात डोक्याखाली. मधली तीन बोटे, टोके नव्हे तर बोटांच्या गाद्या. गळ्याखालच्या हाडापासून बरगडीपर्यंत खाली, मग बोटभर सरकून परत वर, रोवणीच्या ओळींसारखे, जागा न सोडता. प्रत्येक ठिकाणी आधी हलके, मग मध्यम, मग खोल दाबून. शेवटी काख आणि गळ्याच्या हाडावरची जागा. घाईने केली तर ती तपासणी नव्हेच. शिबिरात दोनशे बायकांची रांग आणि एक डॉक्टर असला की ती कशी होत असेल, हे गणित वाचकाने स्वतः करावे.

आणि ती शिकवता येते. वाचायला तरबेज रेडिओलॉजिस्ट, यंत्राची देखभाल, अखंड वीज यांपैकी काही लागत नाही. लागते ती नर्स किंवा समुदाय आरोग्य अधिकारी बाई, पडदा असलेली खोली, एक खाट, आणि हात कसा चालवते हे अधूनमधून तपासणारे कोणीतरी. हे खेड्यात जमणार नाही म्हणणाऱ्यांसाठी बार्शी आहे. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांची कर्करोग नोंदणी सुरू केली, खेड्यातली देशातली पहिली. गावोगाव माणसे फिरली, लोकांशी बोलली, लक्षण असलेल्यांना रुग्णालयात घेऊन आली. पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची जी चाचणी झाली तिच्यात १ लाख ३१ हजार बायका होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, आणि २००९ मध्ये तिचा निकाल जगातल्या पहिल्या दर्जाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ऊसतोडीला जाणाऱ्या, दुष्काळी भागातल्या बायका होत्या त्या. त्यांच्या लाजेचे काय झाले, हा प्रश्न त्या निबंधात कुठे आलेला नाही.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला १ लाख ९२ हजार बायकांना हा रोग होतो आणि ९८ हजार मरतात. गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये १३ लाख २२ हजार होती, हजार पुरुषांमागे ९९९ बायका. या बायकांना कुटुंबात तरी कोणी मारून टाकत नाही, असे त्या आकड्याकडे बघून अभिमानाने सांगितले जाते. सांगावेही. मग पन्नाशीनंतर त्यांची गणती का थांबते?

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे आणि गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे मागणे एवढेच आहे. शिबिराला किती लाभार्थी आले, ही बातमी देणे बंद करा. पन्नाशीच्या पुढच्या बायकांची गाववार यादी करा. रोवणी संपल्यानंतरचे दिवस किंवा मळणी आटोपल्यानंतरचे जानेवारी-फेब्रुवारी धरा, उपकेंद्रात वार ठरवा, आणि गाठ लागलेल्या बाईच्या हातात नागपूरची किंवा गोंदियाची तारीख लिहिलेली चिठ्ठी द्या, नुसता ‘रेफर’ नव्हे. मग एकच आकडा दरवर्षी जाहीर करा. बाईने गाठ पहिल्यांदा दाखवली त्या दिवसापासून अहवाल तिच्या हातात पडेपर्यंत किती दिवस गेले. ६० च्या आत की बाहेर. अंगावर कोण काढते, ते त्यातून उघड होईल.

आणि हे वाचणाऱ्या किंवा वाचून दाखवणाऱ्या कोणाच्या घरी एखादीला गाठ लागत असेल, बोंडातून रक्त येत असेल, कातडी ओढल्यासारखी दिसत असेल, तर वरचा सगळा वाद तिच्यासाठी नाही. तो निरोगी बायकांच्या तपासणीचा वाद आहे. तिने ऑक्टोबरची वाट बघायची नाही, शिबिराची बघायची नाही, धान घरी येईपर्यंतही थांबायचे नाही. या आठवड्यात वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्जरी ओपीडीत जाऊन छाती दाखवायची, आणि सोबत घरातल्या कोणीतरी जायचे.